धावपट्टीच्या अलीकडे

उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्देलो नावाचं गाव आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रतनजी दादाभॉय टाटा, त्यांची फ्रेंच पत्नी आणि मुलं उन्हाळ्यात तिथं मुक्कामाला असत. शेजारीच लुई ब्लेरिओचं घर होतं. हा तोच ब्लेरिओ, ज्यानं २५ जुलै १९०९ रोजी विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. त्याच्याकडचा वैमानिक अडोल्फ पेगू किनाऱ्याच्या वाळूवर विमान उतरवायचा, आणि टाटांचा जहांगीर इतर पोरांबरोबर ते बघायला धावायचा. पुढं पंधरा वर्षांचा असताना त्याला तिथंच विमानातून एक फेरी मारायला मिळाली. आपण वैमानिक व्हायचं, हे त्याचं तेव्हा पक्कं झालं.

ते ठरणं आणि प्रत्यक्ष विमान हातात येणं यांच्यामध्ये जवळपास दहा वर्षं गेली. पैशाची अडचण नव्हती. जहांगीर म्हणजे आपले जे. आर. डी. टाटा. अडचण जागेची होती. सामान्य नागरिकाला उडायला शिकवील अशी जागाच भारतात नव्हती. १९२८च्या सुमारास देशात पहिले फ्लाइंग क्लब निघाले, त्यांतला एक मुंबईचा. जुहूच्या सपाट, खाऱ्या जमिनीवर त्याची विमानं उडू लागली आणि जे. आर. डी. तिथं शिकायला दाखल झाले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १. भारतात दिला गेलेला तो पहिला वैमानिक-परवाना.

ही हकिकत बहुतेक वेळा त्या एक आकड्यासाठी सांगितली जाते. मला तिच्यातली ती दहा वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. टाटांच्या घरातल्या मुलालासुद्धा, कुणीतरी दार उघडेपर्यंत थांबावं लागलं. आकाशाचं वेड मुलाचं स्वतःचं असतं, पण धावपट्टीपर्यंतचा रस्ता त्याच्या हातात नसतो. तो रस्ता कुणी बांधतं, कुणी अडवतं, आणि त्याच्यावरून चालायचे पैसेही कुणाला तरी मोजावे लागतात. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात विमानाचा आवाज आला की पोरं अंगणात येतात, माना वर करून हात हलवतात. बहुतेकांचं वेड दहावीपर्यंत ओसरतं. ज्यांचं ओसरत नाही, त्यांच्याविषयी मला लिहायचं आहे.

आज ही मुलं कुठं जातात? मुंबईच्या आकाशात गर्दी झाली तसं तिथल्या क्लबचं उड्डाणाचं शिक्षण धुळ्याला गेलं. गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर, भाताच्या खाचरांच्या शेजारी, राष्ट्रीय पातळीवरची प्रशिक्षण संस्था आहे. नागपूरचा फ्लाइंग क्लब जुना आहे. शिरपूरला आहे, जळगावला आहे. अमरावतीचा बेलोरा विमानतळ एप्रिल २०२५मध्ये प्रवाशांसाठी खुला झाला आणि तिथंच वर्षाला १८० वैमानिक तयार करण्याच्या इराद्यानं एअर इंडियाची संस्था उभी राहते आहे. उत्तर प्रदेशात रायबरेलीजवळ फुरसतगंजला इंदिरा गांधींच्या नावाची सरकारी अकादमी आहे. तिची प्रवेश परीक्षा देशभरातली मुलं देतात आणि मराठी मुलंही तिथं असतात.

या सगळ्या ठिकाणी दिवस पहाटे सुरू होतो. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवेचे झोत वर येतात आणि छोटं विमान उचलून आपटल्यासारखं हलायला लागतं. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत अकरानंतर नवख्याला वर नेणं कठीणच. म्हणून उजाडायच्या सुमाराला मुलं विमानाभोवती फिरत असतात. टाकीच्या तळाचं इंधन छोट्या पारदर्शक भांड्यात काढून त्यात पाणी नाही ना हे बघायचं; एव्हगॅस या विमान-इंधनाचा रंग निळसर असतो, पाणी असलं तर तळाशी वेगळं दिसतं. पट्टी घालून तेल मोजायचं. पंखावरच्या हलत्या भागांच्या बिजागऱ्या हातानं तपासायच्या. वेग मोजणाऱ्या नळीवरचं झाकण काढलं का, ते बघायचं. हे सारं छापील यादीप्रमाणं, यादी पाठ असली तरी ती वाचून. पाठांतरावर भरवसा ठेवायचा नाही, ही या शिक्षणातली पहिली शिस्त. आपल्या शाळेतल्या सवयीच्या ती बरोबर उलटी आहे.

विमान बहुधा सेसना १७२. चार खुर्च्या, नाकाशी एक पंखा, आणि रिकामं वजन एखाद्या छोट्या मारुती मोटारीएवढं. पंख खांद्याच्या वर असल्यामुळं खालचं शेत मोकळं दिसतं. लहानपणी ज्यांनी जंबो जेटची चित्रं वहीत काढलेली असतात त्यांना हे विमान पहिल्यांदा बघून जरा चुकल्यासारखं होतं. पण उडण्याची सगळी विद्या याच विमानात आहे. मोठ्या विमानात संगणक मदतीला असतात; इथं वारा थेट हाताला लागतो.

पहिले कित्येक दिवस मुलगा कुठंही जात नाही. तो गोल फिरतो. याला सर्किट म्हणतात. उड्डाण करायचं, काहीशे फुटांवर वळायचं, हजार फुटांवर सरळ व्हायचं, धावपट्टीला समांतर उलट दिशेनं जायचं, मग शक्ती कमी करून, फ्लॅप उतरवून दोन वळणं घ्यायची आणि उतरायचं. चाकं टेकली की पुन्हा शक्ती देऊन पुन्हा वर. एका फेरीला पाच-सात मिनिटं. ही मिनिटं इतकी भरलेली असतात की सुरुवातीला बाहेर बघायलाही फुरसत नसते. विमान जमीन सोडतं तेव्हा पंख्याच्या फिरण्यामुळं नाक डावीकडं ओढलं जातं, ते उजव्या पायानं आवरावं लागतं. शेजारचे शिक्षक ‘राइट रडर, राइट रडर’ म्हणत राहतात. वेग नाकानं सांभाळायचा, उंची शक्तीनं. नाक थोडं वर राहिलं की वेग पडतो, थोडं खाली गेलं की वाढतो. उतरताना सेसनाला साधारण ६५ नॉट वेग लागतो, आणि नवख्याच्या हातात तो ५५ ते ८०च्या मध्ये कुठंही भटकत असतो.

शिकायला सगळ्यांत अवघड असतात ते शेवटचे काही फूट. विमान धावपट्टीवर येतं, जमीन अंगावर येताना दिसते आणि मुलगा चाकांखालच्या जमिनीकडं बघायला लागतो. मग अंदाज चुकतो. कधी तो फार लवकर नाक उचलतो आणि विमान फुग्यासारखं पुन्हा वर जातं; कधी उशिरा उचलतो आणि विमान उसळी मारतं. नजर धावपट्टीच्या पार शेवटाला लावली की कडांच्या रेषांवरून उंची आपोआप कळते. हे फळ्यावर काढून दाखवता येतं. ते अंगात मात्र एका सकाळी अचानक येतं. कधी येईल ते शिक्षकालाही सांगता येत नाही. आठवडाभर न जमणारं उतरणं एके दिवशी जमतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बिघडतं. या टप्प्यावर रडलेली मुलं बरीच असतात. त्यांचं काही चुकलेलं नसतं. हात, पाय, डोळे आणि धीर हे सगळं एकाच वेळी वापरायला माणसाच्या शरीराला वेळ लागतो.

आणखी एक गोष्ट मनाविरुद्ध शिकावी लागते. पंखाचा हवेशी होणारा कोन एका मर्यादेपलीकडं गेला की पंखावरची हवा विस्कटते आणि विमान खाली पडू लागतं. याला स्टॉल म्हणतात. पडताना माणसाची उपजत ओढ काय असते? दांडा मागं खेचून वर जायची. पण तसं केलं तर कोन वाढतो आणि पडणं वाढतं. सुटका नाक खाली दाबण्यात असते. जमीन समोर दिसत असताना तिच्याकडं नाक वळवायचं! सुरक्षित उंचीवर जाऊन हे मुद्दाम करवून घेतात, भीतीची ती सवय मोडेपर्यंत. ढगात शिरल्यावर तर आपलाच कान फसवतो. कानाच्या आतला द्रव शरीराचा तोल सांगतो, पण सावकाश, लांब वळणात तो स्थिरावतो आणि मेंदूला वाटतं की आपण सरळ चाललो आहोत. म्हणून डोळ्यांवर पडदा येईल अशी टोपी घालून फक्त काट्यांकडं बघत उडायला शिकवतात. काटा सांगेल ते खरं, अंगाला वाटतंय ते खोटं. ज्याला हे पटत नाही त्याला हा पेशा घेता येत नाही.

मग एक दिवस येतो. दोन-तीन फेऱ्या नीट होतात, शिक्षक विमान थांबवायला सांगतात आणि दार उघडून उतरतात. आपल्या रिकाम्या खुर्चीचा पट्टा नीट बांधतात, म्हणजे तो कुठं अडकायला नको. ‘एकच सर्किट. नेहमीसारखंच कर,’ एवढं म्हणून बाजूला होतात. सोलो! विमानात सत्तर-ऐंशी किलो वजन कमी झालेलं असतं, त्यामुळं ते लवकर उचलतं आणि भराभर चढतं; पहिला धक्का तोच बसतो. कामाच्या घाईत वळण होईपर्यंत काही सुचत नाही. धावपट्टीला समांतर आल्यावर क्षणभर मोकळीक मिळते, शेजारच्या खुर्चीकडं नजर जाते आणि तेव्हा कळतं की हे विमान आता फक्त आपल्यालाच खाली न्यायचं आहे. उतरल्यावर मित्र बादलीभर पाणी डोक्यावर ओततात, पेढे वाटले जातात, घरी फोन जातो. वैमानिकांशी बोलताना एक दिसून येतं. पुढं हजारो तास उडून झाले तरी सोलोची तारीख, विमानाचा नंबर, उतरून गेलेल्या शिक्षकांचं नाव हे ते न अडखळता सांगतात. लहानपणचं स्वप्न पुरं झाल्याची एखादी घटका दाखवायची असेल, तर मी तरी हीच दाखवीन. पुढचा गणवेश आणि खांद्यावरच्या पट्ट्या ही नोकरी झाली.

कारण सोलोनंतर वाट लांबच लांब आहे. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास उड्डाण लागतं. त्यातले १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर, २० तास दूरच्या प्रवासाचे. एक प्रवास किमान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचा, आणि त्यात दोन वेगळ्या विमानतळांवर उतरावं लागतं. १० तास काट्यांवरचे, ५ तास रात्रीचे. खाली खोलीत बसून परीक्षा वेगळ्या: हवाई नियम, दिशाशास्त्र, हवामान, तांत्रिक विषय, रेडिओ. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. मराठी माध्यमातल्या मुलांना रेडिओची धास्ती सगळ्यात जास्त वाटते, कारण तिथलं बोलणं इंग्रजी. वास्तविक विमान आणि टॉवर यांच्यातली वाक्यं ठरलेली, छोटी आणि मोजकी असतात. तिथं अलंकारिक इंग्रजीला मनाईच आहे. ऐकलेला आकडा जसाच्या तसा परत म्हणून दाखवणं, हे खरं कौशल्य. खेड्यातल्या मुलांना ते शहरातल्यांपेक्षा कमी येतं असं मानायला काहीही आधार नाही.

हवामानाचा विषय आपल्या भूमीत पुस्तकाबाहेर येऊन भेटतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टपालाची पिशवी घेऊन पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि टाटांची विमानसेवा सुरू झाली. तिथून पुढं बेल्लारीमार्गे मद्रासला टपाल नेलं नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. पण जुहूची ती जमीन पावसाळ्यात चिखलात जायची. मग चार महिने सगळा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. त्या काळात ना रेडिओचा आधार ना उतरणीचे दिवे. सह्याद्रीवर ढग बसले की वाट शोधायची ती डोळ्यांनीच. वयाच्या ७८व्या वर्षी, १९८२ साली, जे. आर. डी. पुन्हा तशाच जुन्या विमानातून एकटे कराचीहून मुंबईला आले. हृदयविकाराचा त्रास असलेल्या माणसानं हे का करावं? त्या सुरुवातीच्या दिवसांतला आनंद नव्या पिढीला जरा तरी कळावा म्हणून. मला त्यांच्या कारखान्यांपेक्षा हे उड्डाण त्यांच्याविषयी जास्त सांगतं.

जे. आर. डीं.च्या तरुणपणातली आणखी एक हकिकत इथं सांगितलीच पाहिजे. आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं: जो भारतीय इंग्लंड आणि भारत यांच्यामधलं अंतर ठरावीक मुदतीत एकटा उडून जाईल, त्याला. १९३०च्या मे महिन्यात जे. आर. डी. कराचीहून पश्चिमेकडं निघाले. इंग्लंडमधल्या क्रॉयडनहून पूर्वेकडं निघाला अस्पी इंजिनिअर, वय वर्षं १७. त्याच वर्षी आर. एन. चावलांबरोबर कराचीहून इंग्लंडपर्यंत तो उडून गेलेला होता. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये, अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीर तळावर. अस्पी तिथं अडकून पडला होता, कारण त्याच्याकडं जास्तीचे स्पार्क प्लग नव्हते. जे. आर. डीं.नी आपल्याकडचे त्याला देऊन टाकले. अस्पीनं त्यांना आपलं समुद्रात तरंगायचं जाकीट दिलं. दोघं आपापल्या दिशेनं निघाले आणि अस्पी काही तासांच्या फरकानं शर्यत जिंकला. तिसरे स्पर्धक मनमोहन सिंग भारतात पोहोचले होते, पण त्यांची मुदत उलटली होती. हा अस्पी पुढं १९६० साली भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला. मनमोहन सिंग १९४२च्या मार्चमध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रूम इथं जपानी हल्ल्यात मारले गेले. प्लग दिले नसते तर जे. आर. डी. जिंकले असते, असं म्हणता येईल. पण अडकलेल्या वैमानिकाला सोडून पुढं जाणं त्या वयातही त्यांना जमण्यासारखं नव्हतं, आणि सतरा वर्षांच्या त्या पोराला ते दार उघडं मिळालं.

मुलींना ते इतकं सहज उघडं मिळालं नाही. १९३६ साली सरला ठकराल यांनी साडी नेसून जिप्सी मॉथ एकटीनं उडवलं. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या आणि घरी लहान मुलगी होती. १००० तास त्यांनी पुरे केले. १९३९मध्ये वैमानिक असलेले त्यांचे पती विमान अपघातात गेले. तरीही त्या व्यावसायिक परवान्यासाठी जोधपूरला शिकायला निघाल्या, आणि महायुद्धामुळं नागरी प्रशिक्षणच बंद झालं. पुढं त्या चित्रकार झाल्या, दागिने आणि साड्यांची नक्षी करू लागल्या, त्यातही नाव मिळवलं. पण वैमानिक म्हणून नोकरी करायचं त्यांचं स्वप्न राहूनच गेलं, आणि ते त्यांच्या कुवतीमुळं राहिलं नाही. त्यांच्यानंतर प्रेम माथुर यांनी अनेक कंपन्यांचे नकार पचवून हैदराबादच्या डेक्कन एअरवेजमध्ये जागा मिळवली. इंडियन एअरलाइन्समध्ये १९६६ साली दुर्बा बॅनर्जी आल्या. १९८५च्या नोव्हेंबरात कलकत्ता ते सिल्चर या मार्गावर फॉकर फ्रेंडशिप विमान पूर्णपणे स्त्रियांनी चालवलं. कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख आणि सहवैमानिक निवेदिता भसीन. याच निवेदिता भसीन १९९०च्या पहिल्या दिवशी, वयाच्या २६व्या वर्षी, मुंबई-औरंगाबाद-उदयपूर मार्गावर बोइंग ७३७ची कॅप्टन म्हणून बसल्या. तोवर जगात इतक्या लहान वयात कुठल्याही स्त्रीनं प्रवासी जेट विमानाचं नेतृत्व केलं नव्हतं. आज भारतातल्या वैमानिकांत १२ टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत. जगाची सरासरी याच्या निम्म्याच्या आसपास आहे. ‘मुलीची जात, विमान कसलं चालवतेस’ हे वाक्य अजून घराघरांत ऐकू येतं, पण कॉकपिटच्या बाबतीत आपला देश त्या वाक्याच्या बराच पुढं गेलेला आहे.

स्वप्नाची धोक्याची बाजूही आईबाप विचारतात, आणि १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला घडलेल्या अपघातानंतर तर फारच. तो प्रश्न टाळू नये. मूळचे नागपूरचे कॅप्टन दीपक साठे आठवतात. खडकवासल्याची एनडीए, मग हवाई दल, वायुसेना अकादमीचं मानाचं खड्ग. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हवाई दलात असताना एका अपघातात त्यांच्या डोक्याला गंभीर इजा झाली. सहा महिने रुग्णालयात होते, पुन्हा उडतील असं कुणाला वाटत नव्हतं. ते उडाले. पुढं एअर इंडियात आणि मग एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये गेले. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळीकोडच्या टेकडीवरच्या धावपट्टीवर, पावसात, त्यांचं विमान घसरलं आणि ते, त्यांचे सहवैमानिक व काही प्रवासी गेले. अशा अपघातांची चौकशी कठोर असते, ती तशीच असायला हवी. प्रत्येक अहवालातून पुढच्या वैमानिकांच्या शिक्षणात भर पडत जाते. पण रुग्णालयातल्या खाटेवरून उठून पुन्हा वैद्यकीय चाचणीला जाणाऱ्या माणसाचं मन समजून घेतल्याशिवाय या पेशाविषयी बोलू नये, असं मला वाटतं.

आता पैसा. इथं लेखाची चाल मंद करावी लागते, कारण आजचं बंद दार हेच आहे. देशात व्यावसायिक परवाना मिळेपर्यंत खर्च ५० लाखांच्या पुढं जातो. उडत्या विमानाचा तास इंधनाच्या, इंजिनाच्या आणि शिक्षकाच्या किमतीवर चालतो, त्यात फारशी काटकसर करता येत नाही. परवाना हाती आला म्हणजे नोकरी आली असं नाही. एअरबस किंवा बोइंग चालवायचं तर त्या विमानाचं खास प्रशिक्षण लागतं, त्याला टाइप रेटिंग म्हणतात. त्याचे आणखी १५-२० लाख. एवढी रक्कम कर्ज, शेत आणि आईचे दागिने यांतूनच उभी राहते. आणि हा धंदा चढउताराचा आहे. २०१२मध्ये किंगफिशर ही विमान कंपनी बसली, १७ एप्रिल २०१९ला जेट एअरवेजचं शेवटचं विमान उडालं, पुढच्या वर्षी करोना आला, २०२३च्या मे महिन्यात गो फर्स्ट थांबली. त्या त्या वर्षी परवाना घेऊन बाहेर पडलेल्या मुलांनी काय केलं असेल? हप्ते सुरू, नोकरी नाही, आणि न उडता राहिलं तर परवान्याच्या अटी निसटायला लागतात. दुसरीकडं २०२३मध्येच एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची मागणी नोंदवली. म्हणजे माणसं लागणार हे नक्की. पण मुलानं कर्ज काढलं ते वर्ष चढाचं की उताराचं, हे नशीब झालं.

टाटांच्या मुलाला जागा नव्हती, ठकरालांना प्रशिक्षण नव्हतं, धुळे-गोंदियाच्या मुलाला आज रक्कम नाही. तीन काळांतल्या तीन अडचणी, पण शेवट एकच: लायक माणूस खालीच उभा राहतो. बिरसीच्या धावपट्टीवरून दिवसभर विमानं उठतात. शेजारच्या गावांतली किती मुलं त्यांच्यात बसतात, हा प्रश्न त्या जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींना विचारायला हवा. काही प्रयत्न झाले आहेत, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. अनुसूचित जाती-जमातींच्या केंद्रीय शिष्यवृत्तीत व्यावसायिक वैमानिकाचं शिक्षण समाविष्ट आहे. महाराष्ट्रात महाज्योती संस्थेनं इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये असं प्रशिक्षण सुरू केलं. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी विमानतळाची पायरी चढलेलं नाही, त्या घरातली मुलगी सेसनाच्या डाव्या खुर्चीवर बसते, ही मला महाराष्ट्राच्या अलीकडच्या काळातली फार मोठी गोष्ट वाटते. अशा जागा मात्र विसाच्या पटीत मोजाव्या लागतात. त्या शेकड्यांनी हव्यात, आणि एकदा सुरू झालेलं प्रशिक्षण अर्ध्यात रेंगाळणार नाही याची हमीही हवी. कारण उड्डाणात दोन महिने खंड पडला की हात मागं जातो आणि तेच तास पुन्हा उडावे लागतात.

आणि ज्याच्या घरी असं एखादं मूल आहे, त्यानं पैशाच्या आधी एक काम करावं. वैद्यकीय तपासणी. अनेक मुलांना सातवी-आठवीत चष्मा लागतो आणि घरचेच सांगून टाकतात, आता पायलट विसर. हे चूक आहे. हवाई दलाच्या अटी कडक आहेत, पण प्रवासी विमानाच्या वैमानिकाला चष्मा चालतो. चष्म्यासह दिसणं नियमाच्या मर्यादेत असलं की झालं. खरा अडसर रंग ओळखण्याचा असतो. ठिपक्यांच्या चित्रातला आकडा वाचायला लावणारी इशिहारा चाचणी कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडं थोड्या वेळात होते, आणि रंगांधळेपण असलं तर ते बहुतेकदा जन्मजात असतं, मुलाला स्वतःला बहुधा माहीतही नसतं. जमीन गहाण पडल्यावर हे कळलेली घरं आहेत. रंगांच्या चाचणीनंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं मान्यता दिलेल्या डॉक्टरांकडं द्वितीय श्रेणीची तपासणी करायची, आणि मग प्रथम श्रेणीची. व्यावसायिक परवान्याला ती लागतेच आणि पुढं नोकरीभर ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

विद्यार्थी-परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, व्यावसायिक परवाना अठराव्या. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, हा आजवरचा नियम. तो सैल करण्याची चर्चाही अलीकडं झाली आहे. कला किंवा वाणिज्य शाखा घेतलेल्यांनी मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देऊन वाट काढलेली उदाहरणं आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरकडं जायला एक सकाळ पुरते, आणि तपासणीचा खर्च काहीशे रुपये.